तो कागद मी लिहिला होता

2025 च्या फेब्रुवारीत, रमजान लागायच्या पंधरा दिवस आधी, वडखळजवळच्या एका बांधकामावर आमच्या शेजारच्या गल्लीतल्या गवंड्याच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. माल वर चढवणाऱ्या विंचचा दोर अडकला होता. तो सोडवायला त्याने हात घातला आणि खाली कुणीतरी न बघता मशीन चालू केलं. अंगठा तेवढा राहिला. वय 30. घरात आई, बायको आणि दोन मुली.

पंधरवड्याने एका मशिदीच्या कचेरीत बैठक बसली. ठेकेदार आपल्यातलाच. पाच वक्ताचा नमाजी, जकात वेळेवर काढणारा, मदरशाच्या बांधकामाला सिमेंट देणारा. बैठकीला चार बुजुर्ग, गवंड्याचा मोठा भाऊ, ठेकेदार आणि मी. माझं तिथे काम एवढंच की मी मास्तर आहे आणि मराठीत काही लिहायचं असलं की लोक मला बोलावतात.

दीड तासात प्रकरण मिटलं. दवाखान्याचं बिल ठेकेदाराने भरलंच होतं, वर रोख 60,000 रुपये. स्टॅम्प पेपरवर मी माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं की अपघात माझ्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे झाला, मला माणुसकीच्या नात्याने मदत मिळाली, यापुढे माझी कोणतीही मागणी राहणार नाही. गवंड्याला सही येते, पण उजव्या हाताने. म्हणून डाव्या हाताचा अंगठा घेतला. सगळे अल्हम्दुलिल्लाह म्हणाले, चहा आला. मी एक चांगलं काम करून आलो अशा समाधानात घरी जाऊन झोपलो.

माझी भाची पनवेलला वकिलीचं शिकते. ईदला आली तेव्हा मी तिला हा किस्सा सांगितला, थोड्या अभिमानानेच. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, ‘‘मामू, तुम्ही त्या माणसाचे नऊ लाख रुपये लिहून दिलेत.’’

मला राग आला. मग तिने हिशोब मांडला. तो हिशोब मी आज तुमच्यासमोर मांडतो आहे, कारण असे कागद लिहिणारा मी एकटा नाही. पेणपासून रोह्यापर्यंत, महाडपासून मुरूडपर्यंत प्रत्येक गावात एक मास्तर, एक सरपंच, एक चाचा असे कागद लिहितो आहे आणि पुण्य समजून लिहितो आहे.

आधी हिशोब. 1923 साली या देशात कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला. तो झाला तेव्हा केंद्रीय विधिमंडळात कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ना. म. जोशी बसले होते. आपल्याच जिल्ह्यातल्या, माणगाव तालुक्यातल्या गोरेगावचे. या कायद्यानुसार कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर महिन्याच्या मजुरीच्या 60 टक्के रकमेला वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणायचं. 30 वर्षांच्या माणसासाठी तो आकडा 207.98 आहे. मजुरी कितीही असली तरी हिशोबाला महिना 15,000 पर्यंतच धरतात. ही मर्यादा जानेवारी 2020 पासूनची. गवंड्याची मजुरी त्याहून जास्तच आहे, म्हणजे 15,000 धरा. 60 टक्के झाले 9,000. त्याला 207.98 ने गुणलं की 18,71,820 रुपये. हे शंभर टक्के अपंगत्वाचे. एका हाताची चार बोटं गेली तर कायद्याच्या परिशिष्टात 50 टक्के लिहिलेले आहेत. निम्मे करा: 9,35,910 रुपये.

आम्ही दिले 60,000.

पुढे ऐका. अपघात झाल्यावर महिन्याभरात मालकाने रक्कम दिली नाही तर त्यावर वर्षाला 12 टक्के व्याज लागतं. नऊ लाख पस्तीस हजारांवर एका वर्षाचं व्याज होतं 1,12,309 रुपये. म्हणजे ज्या रकमेवर आम्ही त्याला ‘खूश’ केलं, ती एका वर्षाच्या नुसत्या व्याजाच्या निम्म्याला थोडी वर आहे. विनाकारण उशीर केला असेल तर मूळ रकमेच्या 50 टक्क्यांपर्यंत दंड वेगळा. आणि ज्या दवाखान्याच्या बिलाबद्दल आम्ही ठेकेदाराचे आभार मानले, ते बिल देणं 2009 च्या दुरुस्तीपासून त्याच्यावर कायद्यानेच बंधनकारक आहे. कर्ज फेडणाऱ्याला आम्ही दानशूर ठरवलं.

आता त्या कागदातले तीन शब्द घेऊ. तिन्ही माझे आहेत, म्हणून मीच खोडतो.

पहिला शब्द ‘निष्काळजीपणा’. हा शब्द प्रत्येक कागदात असतो. ठेकेदाराला वाटतं की चूक मजुराची ठरली की आपण सुटलो. शंभर वर्षांपूर्वीच कायद्याने हे दार बंद केलं. काम करताना, कामामुळे इजा झाली एवढं पुरे. चूक कुणाची हा प्रश्नच नाही. तीन दिवसांहून जास्त काळ काम करता आलं नाही, की हक्क सुरू. अपवाद मोजके आहेत: दारू किंवा नशेत असणं, सुरक्षेसाठी स्पष्ट दिलेला हुकूम जाणूनबुजून मोडणं, सुरक्षेचं साधन जाणूनबुजून काढून टाकणं. आणि मृत्यू झाला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर हे अपवादही चालत नाहीत. अडकलेला दोर सोडवायला हात घालणं यातल्या कशात बसतं? त्या साइटवर हातमोजे नव्हते, विंचला झाकण नव्हतं, इशारा करणारा माणूस नव्हता. जे दिलंच नाही ते वापरलं नाही म्हणून त्याला निष्काळजी म्हणायचं?

त्या बांधकामावर जवळच्या कातकरी वाडीतली एक बाई घमेली वाहायची. अपघाताच्या वेळी ती तीन हातांवर होती. बैठकीला तिला कुणी बोलावलं नाही. नंतर नाक्यावर भेटली तेव्हा मला म्हणाली, ‘‘मास्तर, दोर अडकतो हे मी आठ दिवस सांगत होते. माझं कोण ऐकणार?’’ कागद लिहिण्याआधी मी तिला विचारायला हवं होतं. आमच्या बैठकांत बायका नसतात, आदिवासी नसतात आणि ज्याचा हात गेला तोही बहुतेक वेळा बोलत नाही, त्याचा भाऊ बोलतो. याला आपण समेट म्हणतो.

दुसरा शब्द ‘मदत’. मृत्यूच्या प्रकरणांत हा शब्द सरकारही वापरतं. 2023 च्या 1 ऑगस्टला शहापूर तालुक्यात सरलांब्याला समृद्धी महामार्गाच्या पुलाचं काम चालू असताना गर्डर चढवणारं अवाढव्य यंत्र कोसळलं, 20 जण गेले. राज्याने प्रत्येकी 5 लाख जाहीर केले, पंतप्रधान निधीतून 2 लाख. त्याच वर्षी 10 सप्टेंबरला ठाण्यात बाळकुमला चाळीस मजली इमारतीची लिफ्ट कोसळून 7 कामगार मेले. अशा वेळी टीव्हीवर आकडे झळकतात आणि लोकांना वाटतं, घरच्यांना मिळाले, संपलं. संपत नाही. सरकारने जाहीर केलेली रक्कम ही सरकारची मर्जी. मालकाने द्यायची भरपाई हे मालकावरचं देणं. 30 वर्षांचा, महिना 15,000 किंवा जास्त कमावणारा माणूस कामावर मेला तर 50 टक्क्यांच्या हिशोबाने वारसांचा हक्क 15,59,850 रुपयांचा होतो. पहिली रक्कम मिळाली म्हणून दुसरी बुडत नाही. आणि मृत्यूच्या बाबतीत तर मालकाने परस्पर विधवेच्या हातात पैसे ठेवले तर कायदा ती भरपाई मानतच नाही. रक्कम आयुक्तांकडे जमा करावी लागते, म्हणजे दीर, सासरा, मुकादम यांच्या हातांतून झिरपत ती बाईपर्यंत पोचायची वेळ येऊ नये.

तिसरा शब्द ‘मागणी राहणार नाही’. हा शब्द लिहिताना माझं अक्षर सगळ्यात सुंदर आलं होतं. भाचीने कायद्याचं कलम 17 उघडून दाखवलं: कामगाराने भरपाईचा हक्क सोडून देण्याचा कुठलाही करार रद्दबातल. स्टॅम्प पेपरवर करा, नोटरीपुढे करा, मशिदीत करा, मंदिरात करा. एकरकमी तडजोड करायचीच असेल तर तिचं टिपण मालकाने आयुक्तांकडे नोंदवायला पाठवलं पाहिजे. रक्कम अपुरी वाटली तर आयुक्त नोंद नाकारू शकतात. नोंदच केली नाही तर मालक पूर्ण रकमेला जबाबदार राहतो आणि आधी दिलेल्या पैशांतलेही, आयुक्तांनी वेगळं सांगितलं नाही तर, निम्म्याहून जास्त वळते करून घेऊ शकत नाही. आमचा कागद कुठे नोंदला? ठेकेदाराच्या कपाटात.

म्हणजे ज्या कागदाने आम्ही प्रकरण ‘मिटवलं’ त्याने कायद्यात काहीच मिटलेलं नाही. मिटली ती त्या गवंड्याची हिंमत. त्याला खरंच वाटत होतं की अंगठा दिला, आता मागायचं तोंड राहिलं नाही. अशा कागदांचा सगळा जोर एवढाच असतो. माणूस कोर्टाची पायरी चढायच्या आधीच घरी बसतो.

मला माहीत आहे, आता ‘पण’ सुरू होतील. ते मी बैठकीत ऐकलेत, स्वतः म्हटलेतही.

पण छोटा ठेकेदार नऊ लाख कुठून आणणार? विम्यातून. कामगार भरपाईचा विमा याचसाठी असतो आणि त्याचा हप्ता कामाच्या एकूण रकमेपुढे किरकोळ असतो. जो माणूस स्वतःच्या स्कॉर्पिओचा विमा एक दिवस चुकवत नाही, त्याला वीस माणसं चौथ्या मजल्यावर परांचीवर चढवताना विमा आठवत नाही, हा गरिबीचा प्रश्न नाही. शिवाय कायदा एकट्या ठेकेदारावर थांबत नाही. बांधकाम हाच ज्याचा धंदा आहे अशा बिल्डरने किंवा कंपनीने काम ठेक्याने दिलं असेल तर कामगार थेट त्या मूळ मालकाकडे भरपाई मागू शकतो. त्याने ती द्यायची आणि हवी तर ठेकेदाराकडून वसूल करायची. स्वतःच्या राहत्या घराचं काम काढणाऱ्या गृहस्थाला हे सहसा लागू होत नाही, तिथे ठेकेदारच मालक. पण अलिबागच्या रस्त्याला जे बंगले विकण्यासाठी उभे राहताहेत, किंवा 2011 पासून आपल्या छाताडावर जो मुंबई-गोवा महामार्ग रुंद होतो आहे, तिथे ठेक्याखाली ठेका, त्याखाली पोटठेका असला तरी वरच्याला ‘तो माझा माणूस नाही’ म्हणून हात झटकता येत नाहीत.

पण त्याचं नाव कुठल्या हजेरीपटावर नाही, रोजंदारीवर होता. रोजंदारीचा कामगारही यात येतो. आणि पुरावा म्हणजे फक्त मस्टर नव्हे. मुकादमाने मोबाइलवर पाठवलेली मजुरी, व्हॉट्सअॅपवरचा ‘उद्या स्लॅब आहे, सातला या’ हा निरोप, साइटवरचा फोटो, सोबत काम करणाऱ्याचा शब्द, सगळं चालतं. सगळ्यात मोठा पुरावा दवाखान्याचा पहिला केसपेपर. म्हणूनच ठेकेदाराचा माणूस अॅम्ब्युलन्समध्ये बसून सांगत असतो, ‘‘डॉक्टर, घरी पडला,’’ किंवा ‘‘बाइकवरून पडला.’’ वाचकहो, एवढी एक गोष्ट आजच घरात सांगून ठेवा: कामावर लागलं असेल तर केसपेपरवर ‘कामावर, अमुक ठिकाणी’ असंच लिहून घ्यायचं. ती एक ओळ पुढे लाखमोलाची ठरते.

पण कोर्टात आयुष्य जातं. जातं, खोटं कशाला बोलू? तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याचा चौकीदार 2003 साली पहाटे ड्यूटीवर निघाला आणि वाटेत अपघातात गेला. आयुक्तांनी भरपाई दिली, उच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा दिली जुलै 2025 मध्ये. 22 वर्षं. पण त्या बाईच्या चिकाटीमुळे आज हे ठरलं की कामावर जाता-येता झालेला अपघातही, वेळ, जागा आणि परिस्थितीचा कामाशी संबंध दिसला तर, कामावरचाच अपघात. वडखळच्या नाक्यावर पहाटे टेम्पोत कोंबून नेल्या जाणाऱ्या प्रत्येक बिगाऱ्याला त्याचा उपयोग आहे. आणि प्रत्येक प्रकरण 22 वर्षं चालत नाही. आयुक्तांनी तीन महिन्यांत निकाल द्यावा असं कायदा म्हणतो. मालकाला अपील करायचं तर आधी रक्कम जमा करावी लागते. लांबलं तरी व्याज चढत राहतं. कोर्ट लांबतं म्हणून आम्ही दीड तासात उरकलं, पण लांबल्याचा तोटा कुणाला आणि उरकल्याचा फायदा कुणाला, हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही.

पण ठेकेदार पुन्हा कामावर घेणार नाही. हा ‘पण’ खरा आहे. त्याचं उत्तर कायद्यात नाही, आपल्याकडे आहे. त्याकडे शेवटी येतो.

आधी बाकीच्या वाटा सांगतो, कारण लोक त्यांची गल्लत करतात. कामगाराचा ईएसआयचा हप्ता भरला जात असेल तर भरपाई आणि उपचार ईएसआयकडून मिळतात, मग आयुक्तांकडे जाता येत नाही. ट्रकने, डंपरने उडवलं असेल तर मोटार अपघात न्यायाधिकरण किंवा भरपाई आयुक्त, दोन्हींपैकी एकच दार निवडायचं. कुठे जास्त मिळेल हे वकिलाला विचारून ठरवा. पोलिसांत गुन्हा नोंदवणं ही वेगळी वाट. निष्काळजीपणाने मृत्यू, बांधकामात हयगय, यांची कलमं भारतीय न्याय संहितेत आहेत. गुन्हा नोंदवला म्हणून भरपाई आपोआप मिळत नाही आणि नोंदवला नाही म्हणून बुडतही नाही. ‘एफआयआर मागे घे, पैसे देतो’ या सौद्यात माणसं दोन्ही घालवतात.

आणि बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ. प्रत्येक मोठ्या बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर याच कामगारांसाठी कापला जातो. देशभरात हा पैसा कसा पडून राहिला यावर सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2018 च्या निकालात सरकारांना फटकारलं: 37,400 कोटींहून जास्त गोळा, खर्च सुमारे 9,500 कोटी. आपल्या राज्यात नोंदीत कामगार कामावर असताना अपघाताने गेला तर वारसांना मंडळाकडून 5 लाख, 75 टक्के किंवा जास्त कायमचं अपंगत्व आलं तर 2 लाख. पण नोंदणी अपघाताआधी हवी. वय 18 ते 60 आणि वर्षात 90 दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला. मंडळाच्या भांड्यांच्या संचासाठी आपल्या बायका उन्हात रांगा लावतात, ते मी पाहिलंय. त्यात ज्यांनी कधी थापी धरली नाही असेही असतात. आणि खरा गवंडी बाहेर, कारण ठेकेदार 90 दिवसांच्या दाखल्यावर सही देत नाही. सही दिली तर हा आपला कामगार हे कबूल होईल ना! अशा वेळी ग्रामसेवकाकडून दाखला घेता येतो, हे कितीजणांना सांगितलं आपण? आमच्या गवंड्याची नोंदणी नव्हती.

एक खुलासा. 21 नोव्हेंबर 2025 पासून 1923 च्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. भरपाईचा सांगाडा तोच: चूक न विचारता जबाबदारी, मूळ मालकावर हात, दोन वर्षांची मुदत, उशिराला व्याज. कामावर जाता-येताचा अपघातही त्यात आला आहे. आमच्या गवंड्याचा अपघात आधीचा, म्हणून मी हिशोब जुन्या कायद्याने मांडला.

आता आपल्या घरातलं बोलतो. कोकणातल्या आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात आखातातून आलेला पैसा आहे. दुबईत, कुवेतमध्ये आपला पोरगा कामावर गेला तर आपण काय करतो? दूतावासाला फोन, कंपनीला पत्र, तिथल्या ओळखीच्या माणसामार्फत वकील. संयुक्त अरब अमिरातीत चुकून कुणाचा जीव घेतला तर दिया 2 लाख दिरहम हे आमच्या आज्यांनाही तोंडपाठ असतं. तिथे आपण ताठ मानेने हक्क मागतो. मग वडखळला आल्यावर तोच हक्क ‘मदत’ कसा होतो? तिथे मालक परका आणि मजूर आपला असतो. इथे मालक आपला असतो. हे कारण कडू आहे, पण दुसरं मला सापडत नाही.

मजुराचा घाम आणि त्याची मजुरी यांबद्दलची हदीस आपल्या प्रत्येक खुतब्यात येते. हुकूकुल इबाद, म्हणजे बंद्याचा बंद्यावरचा हक्क, तो बंद्याने माफ केल्याशिवाय सुटत नाही, हेही आपण पोरांना शिकवतो. घाबरलेल्या माणसाने उलट्या हाताचा अंगठा उठवला, त्याला माफी म्हणायचं का? आणि जकातीच्या पैशाने भरपाईची जागा भरायची ही तर सरळ लबाडी आहे. त्या 60,000 मधले 20,000 जकातीत धरले होते हे मला नंतर कळलं. ज्याचं देणं लागतो त्यालाच ते देणं जकात म्हणून द्यायचं! माझा मुफ्तींशी वाद नाही, माझा साध्या हिशोबाशी वाद आहे.

हे फक्त मुसलमान ठेकेदारांबद्दल आहे असं समजून बाकीच्यांनी खूश होऊ नये. आगरी, मराठा, मारवाडी, गुजराती, कुठल्याही साइटवर हाच कागद याच भाषेत लिहिला जातो. मायने सारखे असतात, मास्तर वेगळा असतो. मी आपल्यांबद्दल बोलतो कारण तिथे माझा हात गुंतलेला आहे. आणि ‘आपला’ मजूर म्हणताना बिहार, झारखंड, बंगालहून आलेला पोरगाही त्यात धरा. त्याच्यासाठी तर बैठकही बसत नाही. मेला तर मयत गाडीत घालून पाठवतात, लागलं तर रेल्वेचं तिकीट काढून देतात. त्याच्या घरच्यांना आपल्या गावाजवळच्या आयुक्तांकडेही दावा करता येतो, हे त्यांना कोण सांगणार? निदान तिकीट काढून देणाऱ्याच्या शेजारी उभा असलेला तरी सांगेल का?

आणि आता तो खरा ‘पण’. काम मिळणार नाही ही भीती. ती घालवणं जमातीच्या हातात आहे. चार बुजुर्ग ज्या कचेरीत बसून साठ हजारांत मिटवू शकतात, त्याच कचेरीत बसून ते ठेकेदाराला सांगू शकतात: रक्कम कायद्याने होईल ती, आयुक्तांकडे जमा कर, नोंद कर; आणि याने दावा केला म्हणून तू किंवा तुझ्या ओळखीच्या कुणी याला, याच्या भावाला काम नाकारलंस तर आमच्या मशिदीचं, मदरशाचं, हॉलचं एकही काम तुला मिळणार नाही. समेट करायला माझी ना नाही. पण तो आकडा समोर ठेवून करा. गवंड्याला आधी सांगा की तुझा हक्क 9,35,910 चा आहे, मग विचारा किती घेतोस. हे न सांगता केलेला समेट ही फसवणूक आहे आणि फसवणुकीला बुजुर्गांची हजेरी लागली म्हणून ती हलाल होत नाही.

वकिलाला पैसे नाहीत हेही कारण नको. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न विचारता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते, जिल्ह्याची अलिबागला आहे, फोन 15100. प्रत्येक मशिदीच्या, समाजमंदिराच्या फलकावर नमाजच्या वेळांखाली, आरतीच्या वेळांखाली हा पाच आकड्यांचा नंबर लिहायला किती खडू लागतो?

दावा करायची मुदत अपघातापासून दोन वर्षं. सबळ कारण असेल तर आयुक्त उशीर माफ करू शकतात, पण त्या भरवशावर कुणी राहू नये. आमच्या गवंड्याची मुदत फेब्रुवारी 2027 मध्ये संपते. तो आता नाक्यावर एका टपरीवर डाव्या हाताने चहा गाळतो. त्याची अर्धीच कमाई गेली असं परिशिष्ट म्हणतं. थापी ज्याला धरता येत नाही तो गवंडी अर्धा गवंडी असतो का, हा प्रश्न आम्ही दाव्यात विचारणार आहोत. जयपोरच्या एका सिनेमागृहात काम करताना पडून 1968 साली एका सुताराचा डावा हात कापावा लागला होता. मालकाचं म्हणणं होतं, एक हात आहे ना. सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की सुतारकाम एका हाताने होत नाही, आणि भरपाई पूर्ण अपंगत्वाची दिली. आमच्या माणसाला तेवढी मिळेल की परिशिष्टातली निम्मी, हे आयुक्त ठरवतील. 60,000 तर नक्कीच नाहीत.

अर्ज भाचीने आणि तिच्या सरांनी तयार केला आहे. कातकरी वाडीतली ती बाई साक्षीला यायला कबूल झाली आहे, एका दिवसाची मजुरी बुडवून. दुसरा साक्षीदार मी. ठेकेदाराचा वकील तो स्टॅम्प पेपर पुढे करेल तेव्हा अक्षर कुणाचं हे विचारलं जाईलच. मी सांगेन, माझं. आणि हेही सांगेन की लिहिणाऱ्याने त्या माणसाला त्याचा हक्क किती हे सांगितलं नव्हतं, कारण लिहिणाऱ्याने तो माहीत करून घेतला नव्हता.

बैठकीतल्या दोन बुजुर्गांनी माझ्याशी सलाम-दुआ बंद केली आहे. तिसऱ्यांनी परवा जुम्म्यानंतर बाजूला घेऊन विचारलं, ‘‘मास्तर, माझ्या साडूचा पोर नागोठण्याला स्लॅबवरून पडलाय. कागद करायचा म्हणतायत. काय करू?’’

मी म्हटलं, ‘‘चाचा, कागद करू नका. केसपेपर आणा.’’